ज्ञानाचा हजेरीपट

१९१७ साली कलकत्त्याच्या सायन्स कॉलेजातील एका तरुण अध्यापकाने अमेरिकेतील ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे एक मोठा निबंध पाठविला. सूर्यावरून बाहेर पडणारा प्रकाश काही विशिष्ट अणूंनाच नेमका रेटा देतो आणि त्यामुळे ते अणू गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर उचलले जातात, असे त्यात प्रतिपादन होते. संपादकांचे उत्तर आले. निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने सोसला तरच तो छापता येईल. हा भाग तीन आकडी डॉलरांत जात होता. अध्यापकाचा पगार तुटपुंजा आणि घरचा भार अंगावर. त्याने नकार कळविला. त्या नियतकालिकात पुढे १९१९ साली एक छोटे टिपण तेवढे छापून आले. मूळ निबंध त्याने कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान विभागाच्या स्वतःच्या नियतकालिकात दिला. ते नियतकालिक बाहेर कोठे फारसे जातच नव्हते.

हा अध्यापक म्हणजे मेघनाद साहा. पुढे इंग्लंडच्या ई. ए. मिल्न यांनी याच दिशेने काम वाढविले आणि ते नावारूपाला आले. मिल्न यांनी एका तळटीपेत साहांचे ऋण मान्य केले होते, पण ती तळटीप कोणाच्या लक्षात आली नाही, असे साहांनीच १९४६ सालच्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. १९३६ साली ते अमेरिकेतील यर्कीज वेधशाळेत गेले, तेव्हा त्यांचे ते जुने हस्तलिखित तेथे जसेच्या तसे जपून ठेवलेले त्यांना दाखविण्यात आले. एकोणीस वर्षे ते फडताळात होते. जगाच्या लेखी ते नव्हते.

साहा बुडाले नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १९२० सालच्या त्यांच्या आयनीभवनाच्या सिद्धांताने ताऱ्यांचे प्रकाश वाचण्याची किल्ली दिली आणि १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण हा माणूस तेथपर्यंत कोठून आला, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. ढाका जिल्ह्यातील शेवडातली गावच्या एका किराणा दुकानदाराचा हा मुलगा, उच्चवर्णीयांनी खालच्या ठरविलेल्या जातीतला. मिडल स्कूलच्या गावी एका डॉक्टरांनी त्याला घरात आसरा दिला, पण स्वतःचे ताट स्वतः घासायचे या अटीवर. तागाच्या कारखान्यात वीस रुपयांवर राबणारा थोरला भाऊ त्यातले पाच रुपये महिन्याला त्याच्या शिक्षणासाठी पाठवी. कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलमध्ये वरच्या जातीच्या मुलांनी त्याच्या पंगतीला बसणे नाकारले. तेव्हा १९१७ चा तो तीन आकडी डॉलरांचा अडसर या माणसाच्या आयुष्यातला पहिला अडसर नव्हता. तो त्याच अडसरांच्या मालिकेतला होता, एवढाच की तो आता समुद्रापलीकडून आला होता.

विज्ञानाला जात नसते, देश नसतो, असे आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. सिद्धांताला ती नसेल. पण सिद्धांत छापायला कागद लागतो, तो वाचायला वाचक लागतो आणि तो कोणाचा हे नोंदवायला एक वही लागते. मी इतिहासाचा अध्यापक आहे, माझा विषय ती वही आहे.

माझी आई रोजगार हमीच्या कामावर जायची. दिवसभर खडी फोडली तरी मुकादमाच्या हजेरीपटावर नाव चढले नाही तर मजुरी नाही. खडी तर डोळ्यांदेखत फुटलेली असायची, ढीग समोर असायचा, पण कागदावर माणूस गैरहजर. जागतिक ज्ञानव्यवहारातही असा एक हजेरीपट आहे, आणि त्याचा इतिहास फार जुना नाही.

त्याची कल्पना आली वकिलांच्या व्यवसायातून. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघत असे. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, कोठे तो उलटविला गेला, हे वकिलाला त्यात सापडे. युजीन गारफील्ड या तरुणाने हीच रीत विज्ञानाला लावायची ठरविली. १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्याने तशी योजना मांडली. हा गृहस्थ कोणी सरदार नव्हे. न्यू जर्सीत कोंबड्यांच्या खुराड्याची डागडुजी करून त्यात त्याने आपले पहिले कार्यालय थाटले होते. १९६० साली फिलाडेल्फियात त्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन’ उभी राहिली आणि १९६३-६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे पहिले खंड बाहेर पडले. १९६१ सालातील ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख संदर्भोल्लेख त्यात नोंदलेले होते. कोणत्या लेखाने कोणत्या जुन्या लेखाचा आधार घेतला, याची ही नोंद. हेतू शोधण्याचा होता. आपल्या विषयावर पुढे कोणी काय लिहिले ते शास्त्रज्ञाला सापडावे, एवढाच. मोजण्याचा धंदा नंतर सुरू झाला.

आता ६१३ म्हणजे किती? जगात तेव्हा नियतकालिके हजारोंनी निघत होती. मग हीच का? उत्तर तयार होते. लंडनच्या सायन्स म्युझियमचे ग्रंथपाल सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली दाखविले होते की कोणत्याही विषयावरचे बरेचसे महत्त्वाचे लेख थोड्याच नियतकालिकांत सापडतात, बाकीचे दूरवर विखुरलेले असतात. म्हणून गाभा घ्या, परीघ सोडा. ग्रंथपालाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा हिशोब आहे, पैसा आणि कपाटे दोन्ही मोजकीच असतात. पण एकदा गाभा ठरला की त्यातले लेख अधिक दिसतात, दिसतात म्हणून त्यांचे उल्लेख अधिक होतात, उल्लेख अधिक म्हणून ते गाभ्यात पक्के होतात. गावात वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे एकदा ठरले, की बाहेरच्याच्या विहिरीला पाणी आहे की नाही हे कोणी पाहायलाही जात नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली या प्रक्रियेला नाव दिले, ‘मॅथ्यू इफेक्ट’. ज्याच्या पदरी आधीच कीर्ती आहे त्याच्याच पदरात आणखी पडते, हा त्याचा आशय. आणि गंमत पाहा, हा निबंध मुख्यतः हॅरिएट झुकरमन या संशोधक स्त्रीने घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता. तो दोघांच्या नावाने निघायला हवा होता, हे मर्टन यांनी नंतर स्वतःच लिहून मान्य केले. श्रेयाच्या विषमतेवरचा निबंधसुद्धा श्रेयाच्या विषमतेतून सुटला नाही.

या वहीची खरी परीक्षा मला शंभुनाथ डे यांच्या हकिकतीत दिसते. हे कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ. पटकीचा जंतू माणसाला नेमके कसे मारतो, हा प्रश्न रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यातच जंतू ओळखला तेव्हापासून पडून होता. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून घेतला आणि त्यात जंतू वाढविलेल्या द्रवाची, पण जंतू पूर्णपणे गाळून काढलेली, मात्रा सोडली. जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने फुगला. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि ते विष आतड्याला शरीरातले पाणी ओतायला लावते. सारे प्रयोग साध्या साधनांचे, कलकत्त्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले. ज्या पटकीच्या साथीत आमच्या आज्यापणज्यांनी मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढला, आणि गाडा ओढणाऱ्यांच्याच वस्तीत सगळ्यांत जास्त माणसे मेली, तिचे गुपित येथे उघडे पडले होते.

३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. साहांच्या निबंधासारखे ते स्थानिक नियतकालिकात अडकले नव्हते. भाषा इंग्रजी, जागा जगातली अव्वल. तरीही कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९६९ साली अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, पटकीवरील संशोधनाला मोठा पैसा आणि मोठ्या संस्था मिळाल्या, आणि तेव्हा कोठे या कामाचा पाया कोणी घातला याचा शोध सुरू झाला. डे १९७३ साली निवृत्त झाले होते. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादात त्यांना बोलावले गेले, तेव्हा ते म्हणाले की साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून आपण मेल्यातच जमा होतो, या समितीने आपल्याला उकरून वर काढले. १९८५ साली ते वारले. भारतातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना जिवंतपणी सदस्य करून घेतले नाही.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. डे यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९८६ साली, त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला तो खुद्द गारफील्ड यांनी, आपल्याच सूचीतील उल्लेखांचे नकाशे काढून. डे यांचे नाव नोबेलसाठी सुचविणारे जोशुआ लेडरबर्ग हे शास्त्रज्ञ, आणि १९५९ सालीच गारफील्ड यांच्या मागे सूचीसाठी उभे राहिलेलेही तेच लेडरबर्ग. म्हणजे ज्या वहीत डे दिसत नव्हते, त्याच वहीच्या साहाय्याने त्यांना शेवटी हुडकण्यात आले. म्हणून वही जाळून टाका असे मला म्हणवत नाही. पण ती वाचायला फिलाडेल्फियाचा माणूस लागला. आमच्या अकादम्यांना तो लेख १९५९ पासून वाचायला उपलब्ध होता.

दरम्यान शोधण्याचे साधन मोजण्याचे हत्यार बनले होते. १९७५ पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ निघू लागले आणि त्यातून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, ज्याला आपल्याकडे प्रभावांक म्हणतात, तो जगभर पसरला. नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, तो हा आकडा. दोन वर्षे! डे यांच्या लेखाला दाद मिळायला किती वर्षे लागली ते वर आलेच आहे. या मापात त्यांचे उशिरा आलेले सर्व उल्लेख शून्य धरले जातील. १९९२ साली ही सूची थॉमसन या कंपनीने विकत घेतली, २०१६ पासून ती ‘क्लॅरिव्हेट’ नावाने चालते. २००४ साली ‘एल्सेव्हिअर’ या प्रकाशनसंस्थेने ‘स्कोपस’ ही दुसरी सूची काढली. माल विकणाराच तराजूही विकू लागला. ‘वेब ऑफ सायन्स’च्या मुख्य सूचीतले नव्वद टक्क्यांहून अधिक लेखन इंग्रजीत आहे. ज्याला जागतिक विज्ञान म्हणतात त्याचे हे जग.

तिसऱ्या जगातून याला उत्तर दिले गेले, ते लॅटिन अमेरिकेत. ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे १९९७-९८ साली ‘सायलो’ हा उपक्रम सुरू झाला. सार्वजनिक पैशातून, पोर्तुगीज आणि स्पॅनिश नियतकालिकांचे लेख कोणालाही फुकट वाचता यावेत म्हणून. तो एवढा वाढला की २०१४ साली ‘वेब ऑफ सायन्स’ने त्याला आपल्या दालनात घेतले, पण मुख्य सूचीत नव्हे, वेगळ्या सूचीत. हॉटेलात बसू दिले, कपबशी मात्र वेगळी. ही कपबशी आपल्या ओळखीची आहे.

आणि १९१७ चे ते छपाईचे बिल? ते संपले नाही, वाढले. वाचकाकडून वर्गणी घेण्याऐवजी लेखकाकडून शुल्क घेऊन लेख खुला करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २०२० सालच्या नोव्हेंबरात ‘नेचर’ने जाहीर केलेले शुल्क होते एका लेखाला ९,५०० युरो. तीन आकडी डॉलर न परवडलेल्या साहांना आज पाच आकडी डॉलरांचे बिल आले असते. वाचायचा खर्च पुन्हा वेगळाच. परदेशी व अन्य मिळून ३० प्रकाशकांची नियतकालिके वाचता यावीत म्हणून आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले.

बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंटोंजी (मृत्यू २०२४) यांनी या साऱ्याचे मूळ वसाहतीच्या अर्थकारणात शोधले. वसाहतीतून कापूस आणि खनिज जायचे, कारखाना मायदेशात असायचा. ज्ञानाचेही तसेच. आफ्रिकेने माहिती गोळा करायची, सिद्धांत युरोपात घडवायचा, आणि आफ्रिकेतल्या विद्वानाने युरोपातील वाचकासाठी लिहायचे. हे वाचताना मला गोपाळ गुरू यांचा २००२ सालच्या डिसेंबरात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेला निबंध आठवतो. भारतातील समाजविज्ञानात सिद्धांत करणारे ब्राह्मण आणि तपशील गोळा करणारे शूद्र अशी विभागणी झाली आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. हुंटोंजींनी दोन खंडांमधली जी रेषा दाखविली, तीच गुरूंनी एका देशाच्या आत दाखविली. माझा अनुभव सांगायचा तर, परदेशी विद्यापीठातील एका संशोधकाला मी आमच्या तालुक्यातील वस्त्यांतून आठ दिवस फिरविले, महार वतनाची कागदपत्रे वाचून अर्थ सांगितला. पुस्तक आले. त्यात मी आभारांच्या पानावर आहे, ‘स्थानिक माहितगार’ म्हणून. संदर्भात नाही.

येथे आपल्याकडील प्रस्थापित विद्वानांची एक लबाडी सांगितल्यावाचून राहवत नाही. पाश्चात्त्य जग भारतीय विज्ञानाची दखल घेत नाही, अशी तक्रार ते परिषदांतून करतात, आणि ती खरी आहे. पण हीच मंडळी घरी आली की तोच हजेरीपट हातात घेऊन बसतात. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध मे १९१७ मध्ये, म्हणजे साहांनी निबंध पाठविला त्याच वर्षी, ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. जात आणि स्त्रीवरील बंधने यांचा कार्यकारणसंबंध त्यात शास्त्रीय रीतीने मांडलेला आहे. तरी समाजशास्त्राने आणि स्त्री-अभ्यासाने या लेखनाची दखल घेतलेली नाही, हे शर्मिला रेगे यांना २०१३ साली एक सबंध पुस्तक काढून सांगावे लागले. देशातील नामांकित विज्ञानसंस्थांत दलित-आदिवासी प्राध्यापक किती थोडे आहेत, हे विद्यार्थी-कार्यकर्ते माहिती अधिकारातील उत्तरे हाती धरून सांगत होते. ते कोणाच्या कानावर पडत नव्हते. २०२३ च्या जानेवारीत ‘नेचर’ने त्यावर आकड्यांसह लेख छापला आणि मग चर्चा झाली. आमचा बहिष्कारसुद्धा लंडनच्या नियतकालिकात नोंदला गेल्यावरच खरा ठरतो!

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले आणि हा हजेरीपट थेट तालुक्याच्या महाविद्यालयात आला. ग्रंथालयात चार नियतकालिके, आठवड्याला वीस-बावीस तास, आणि शोधनिबंध मात्र हवेत. मग दोन-तीन हजार घेऊन आठ दिवसांत काहीही छापणारी दुकाने निघाली. पुण्याच्या विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतील १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा ८८ टक्के निकषाला उतरली नाहीत. हे २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे काढून टाकली. मी त्या दुकानांची वकिली करणार नाही, ती चोरीच आहे. पण आठ दिवसांत छापणाऱ्याला नावे ठेवणाऱ्यांनी ९,५०० युरोच्या पावतीकडेही एकदा पाहावे.

नंतर ‘केअर’ यादी आली. तीत भारतीय भाषांतील काही नियतकालिकांनाही जागा होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद झाल्याचे जाहीर झाले. आता नियतकालिक चांगले की वाईट ते संस्थेने आपले आपण ठरवायचे. संस्था म्हणजे कोण, हे महाराष्ट्रातल्या अध्यापकाला समजावून सांगायला नको.

मोजमापच नको, असे म्हणणाऱ्या सुखवस्तू मित्रांशी माझे येथे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की विद्वत्ता आकड्यात मावत नाही, जाणकारांनी वाचून ठरवावे. जाणकार कोण? मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे बसलेले लोक आमचे आडनाव आधी वाचतात. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हता, शिफारस करायला कोणी नव्हते. सेट परीक्षेचे गुण आणि बिंदुनामावली या दोन आकड्यांनी मला वर्गात उभे केले. आकडा आंधळा असतो, आणि आम्हाला कधीकधी त्या आंधळेपणाचाच आधार होतो. तोच आकडा बढतीच्या वेळी माझ्या मराठी निबंधाला विचारतो, तुझा प्रभावांक किती? वतनाच्या कागदांवरचा तो निबंध तालुक्यातल्या शाळामास्तरांनी, वकिलांनी, दोन ग्रामसेवकांनी वाचला. एका जमिनीच्या दाव्यात त्याचा उपयोग झाला. त्या वहीत याला रकाना नाही.

रकाने बदलू शकतात. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने माणसाला नियतकालिकाच्या प्रभावांकावरून तोलू नये असे म्हटले. २०२० साली चीन सरकारने उल्लेखसूचीवर आधारलेली बक्षिसे थांबविण्याचे आदेश काढले. २०२२ पासून ‘ओपन ॲलेक्स’ ही कोणालाही फुकट वापरता येणारी सूची उपलब्ध आहे आणि पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाने ‘वेब ऑफ सायन्स’ची वर्गणी बंद केली आहे. पण खुली सूचीसुद्धा जे कोठेतरी नोंदलेले आहे तेच गोळा करते. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) यांपासून साठोत्तरी नियतकालिकांपर्यंत आपल्याकडे शंभर वर्षांचा ज्ञानव्यवहार झाला. कोणी कोणाचे वाचून लिहिले, कोणता विचार कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या अंकातून पुढे गेला, याची एकत्र सूची माझ्या पाहण्यात नाही. गारफील्ड यांचे तंत्र अवघड नाही. लेख, लेखक, साल, आणि त्यात आलेले इतरांचे उल्लेख, एवढेच रकाने.

माझ्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षीपासून रविवारी हे काम हाती घेतले आहे. शहरातील एका विहाराच्या ग्रंथालयातील अंकांपासून सुरुवात केली. बांधणी सुटलेली, वाळवीने कडा खाल्लेल्या, काही वर्षांचे अंक मुळीच नाहीत. ज्या वाचकांकडे जुन्या अंकांचे गठ्ठे असतील, मग ते अपुरे का असेनात, त्यांनी या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावे. अंक नेणार नाही, तेथेच बसून उतरवून घेऊ.